समुदायाच्या नावाखाली राहणारे ओपन सोर्स प्रकल्प आणि त्यांचा दर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुदायाने सांभाळलेले प्रकल्प म्हणजे नेमके कोणते?

ज्यांचं घर एखाद्या समुदायाकडे आहे असे. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारलेली संगणक-प्रणाली. तिच्या ऑगस्ट २०२५ मधल्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार केलेली सॉफ्टवेअरची गाठोडी, आहेत. त्यातलं बहुतेक सॉफ्टवेअर डेबियनने लिहिलेलं नाही. स्वयंसेवकांनी ते घेतलं, बांधलं, तपासलं आणि डेबियनच्या नावाखाली ठेवलं. आर या संख्याशास्त्राच्या भाषेसाठी क्रॅन, अँड्रॉइड अ‍ॅपसाठी एफ-ड्रॉइड, द्रुपल या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलसाठी त्याचं स्वतःचं संकेतस्थळ, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं सव्हाना, अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन, बर्लिनमधल्या ना-नफा संस्थेचं कोडबर्ग, ही याच कुळातली नावं. कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर कोणीही काहीही टाकतो आणि तिथे कोणी हमी मागत नाही. समुदायाने स्वतःचं नाव पुढे केलं की मात्र वापरणारा त्या नावावर विसंबून सॉफ्टवेअर उतरवून घेतो.

दर्जा लेखक बघतोच, मग समुदायाने वेगळे निकष कशाला ठरवायचे?

लेखक आपल्या सॉफ्टवेअरपुरतं बघतो. ते शेजाऱ्यांशी कसं वागतं हे त्याला त्याच्या लॅपटॉपवर दिसत नाही. दोन पॅकेजं एकाच नावाची फाइल एकाच ठिकाणी टाकतात, एका लायब्ररीने फंक्शनचं नाव बदललं की तिच्यावर टेकलेले चाळीस प्रोग्राम कोसळतात, एकाचा परवाना दुसऱ्याच्या परवान्याशी जुळत नाही. हे घोटाळे प्रकल्पांच्या मधल्या जागेत होतात आणि ती जागा समुदायाची असते.

निकष म्हणजे कोडिंग स्टाइल का?

नाही. टॅब की स्पेस हा वाद फॉर्मॅटरवर, म्हणजे कोड आपोआप एकसारखा मांडणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवा. त्यावर बैठक बोलावणाऱ्या समुदायाकडे बहुधा दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

निकष किती असावेत आणि किती कडक?

तुमच्याकडे जे हात आहेत त्यांना खरोखर तपासता येतील तेवढेच. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीने ऐंशी कलमांची नियमावली छापली, तर पुढच्या गणपतीपर्यंत त्यातली दहासुद्धा कोणाला आठवत नाहीत, आणि ज्याला भांडायचंय तो नेमकं एकोणऐंशीवं कलम काढतो.

या बाबतीत डेबियनची पॉलिसी नियमपुस्तिका नीट वाचावी. ती १९९६ पासून चालत आली आहे. तिच्यातले नियम ‘आवश्यक’, ‘अपेक्षित’ किंवा ‘चालेल’ अशी वजनं घेऊन येतात. आवश्यक नियम मोडला की ‘सीरियस’ पातळीची बग नोंदली जाते, आणि ती असेपर्यंत ते पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जाऊ शकत नाही. अपेक्षित नियम मोडला तरी बग नोंदली जाते, पण गाडी अडत नाही. उदाहरणार्थ, प्रत्येक प्रोग्रामला मॅन पेज, म्हणजे वापराच्या माहितीचं पान, असणं अपेक्षित आहे. नसेल तर ती उणीव समजली जाते, कोणी सवड काढून लिहितो, पण त्यापायी रिलीज थांबत नाही. वाटायला परवानगीच नाही असं सॉफ्टवेअर मात्र कितीही लोकप्रिय असलं तरी आत येत नाही.

आणखी एक तपशील मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत ‘स्टँडर्ड्स-व्हर्जन’ नावाची ओळ असते: पॉलिसीच्या कोणत्या आवृत्तीशी हे पॅकेज शेवटचं पडताळून पाहिलं, एवढंच ती सांगते. म्हणजे नियम बदलले म्हणून जुनं पॅकेज एका रात्रीत गुन्हेगार ठरत नाही. ते किती मागे आहे ते दिसतं, आणि मधल्या काळात काय बदललं त्याची यादी मेंटेनरला, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याला, तयार मिळते.

नवा निकष आणायची योग्य पद्धत कोणती?

आधी सवय, मग नियम. डेबियनमध्ये शेकडो पॅकेजं एका फटक्यात सदोष ठरतील असा नियम सहसा थेट आणत नाहीत. लिंटियन नावाचं तपासणी अवजार आधी नुसतं बजावतं. लोक हळूहळू सुधारतात. बहुतेकांनी पाळलेलं दिसलं की पॉलिसीत ‘अपेक्षित’ म्हणून येतं, आणि पुढे कधीतरी ‘आवश्यक’ होतं. यात वर्षं जातात. अनेकांना हा संथपणा खटकतो, पण पगार न घेणाऱ्या माणसांवर नियम लादायचे तर दुसरा मार्ग मी तरी पाहिलेला नाही.

प्रकल्प दारातच तपासावा की आत घेतल्यावर?

या प्रश्नावर समुदाय सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

२०१७ पर्यंत द्रुपलवर नव्या माणसाला पूर्ण प्रकल्प प्रसिद्ध करायचा असेल तर त्याचा कोड आधी अनुभवी लोकांनी तपासायचा असा रिवाज होता. हेतूत खोट नव्हती. पण तपासणारे मोजके आणि अर्ज भरपूर, त्यामुळे रांग महिनोन्‌महिने हलेना. उत्साहाने मॉड्यूल लिहिलेला माणूस वाट बघून दुसरीकडे निघून जायचा. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी दार उघडलं: कोणीही प्रकल्प प्रसिद्ध करावा, मात्र सुरक्षा पथकाचं छत्र हवं असेल तर त्यासाठी वेगळं परीक्षण होईल. छत्राखाली असलेल्या प्रकल्पावर ढालीचं चिन्ह दिसतं, आणि ते संरक्षणही फक्त स्थिर आवृत्त्यांना मिळतं, अल्फा-बीटा या कच्च्या आवृत्त्यांना नाही.

म्हणजे कडकपणा दारावरून उचलून पाटीवर नेला. अपाचीही तेच करतं. २००२ पासून तिथे इन्क्युबेटर आहे. नवा प्रकल्प आत येतो तो शिकाऊ म्हणून, त्याला मार्गदर्शक नेमून दिले जातात, आणि त्याच्या रिलीजच्या नावात ‘इन्क्युबेटिंग’ हा शब्द व सोबत खुलाशाची फाइल ठेवावीच लागते. एफ-ड्रॉइडची तऱ्हा आणखी मोकळी: अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल, माग काढत असेल किंवा एखाद्या बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर ते दरवेळी हाकलून देत नाहीत, त्या अ‍ॅपवर तसा ‘अँटी-फीचर’चा शिक्का मारतात आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोडतात.

माझं मत विचाराल तर दारावर दोनच गोष्टी तपासाव्यात: परवाना, आणि सॉफ्टवेअर खरोखर बांधता येतं का. बाकी सगळं आत आल्यावर, पाटी लावून.

परवान्याची एवढी कटकट कशासाठी? वर एक फाइल टाकली की झालं ना?

सव्हानावर प्रकल्प मागायला गेलात तर उत्तर बहुधा याच मुद्द्यावर अडकून येतं. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या डोक्यावर स्वामित्व आणि परवान्याची सूचना आहे का, परवाना ग्नूच्या जीपीएल या परवान्याशी जुळतो का, एखाद्या अमुक्त लायब्ररीशिवाय हे चालतच नाही असं तर नाही ना, हे माणसं वाचून पाहतात. डेबियनमध्येही नवं पॅकेज ‘न्यू’ नावाच्या रांगेत थांबतं आणि त्यासाठी नेमलेली मंडळी त्यातली परवान्याची फाइल बारकाईने तपासतात.

कारण सोपं आहे. बग पुढच्या आठवड्यात सुटते. चुकीच्या परवान्याचा कोड पाच वर्षं शंभर ठिकाणी वाटला गेला तर तो परत गोळा करता येत नाही. डेबियनने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार आणि मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, आणि पुढच्याच वर्षी ओपन सोर्सची व्याख्या त्याच तत्त्वांवरून बेतली गेली. दर्जाच्या निकषांत परवाना पहिला येतो तो या इतिहासामुळेही.

तपासणी माणसाने करावी की यंत्राने?

यंत्राला जे कळतं ते यंत्रालाच द्या. डेबियनमध्ये पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या कच्च्या शाखेत जातं. तिथून ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीत, जाण्याचा निर्णय प्रोग्राम घेतो: तातडीनुसार साधारण २, ५ किंवा १० दिवस उलटलेत का, नवी गंभीर बग आली का, सगळ्या अधिकृत आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, बांधलं गेलं का, आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत आधी चालणारं काही मोडलं का. कोणाच्या ओळखीने रांग पुढे सरकत नाही. यंत्राकडे काम दिल्याचा मोठा फायदा हाच, की नकार मिळालेला माणूस रागावला तरी कोणा एकावर रागावत नाही.

क्रॅनवर हेच काम आरची स्वतःची तपासणी आज्ञा करते. निकाल एरर, वॉर्निंग आणि नोट अशा तीन पायऱ्यांत येतो आणि आधीपासून आत असलेल्या पॅकेजांची तपासणीही चालूच राहते. आज उत्तीर्ण झालेलं पॅकेज आरच्या पुढच्या आवृत्तीवर नापास होऊ शकतं, आणि तेव्हा मेंटेनरला मुदत घालून पत्र जातं.

मग सगळ्या वॉर्निंग शून्यावर आणणं हाच निकष ठेवला तर?

ठेवू नका. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमध्ये एक बदल झाला. मेमरी तपासणारं अवजार ‘न भरलेली मेमरी वापरली जातेय’ अशी तक्रार करत होतं, ती घालवण्यासाठी कोडच्या ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ यादृच्छिक आकड्यांच्या निर्मितीला बीज पुरवत होती. ती गेल्यावर बीज म्हणून व्यवहारात उरला तो फक्त प्रोसेस क्रमांक, आणि त्याची कमाल संख्या ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका आकाराच्या गुप्त किल्ल्या एवढ्याच तऱ्हांच्या निघू शकत होत्या. घरच्या संगणकावर बसून सगळ्या मोजून काढाव्यात इतपत. मे २००८ मध्ये हे उघड झालं आणि डेबियन व उबुंटूवर बनवलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

कोड संकलित होत होता, चालत होता, वॉर्निंग गेली होती. यावरून निघालेला उपयोगी निकष असा: मूळ लेखकाच्या कोडवर तुम्ही स्वतः ठिगळ लावलंत तर ते वेगळं ठेवा, कशासाठी लावलं ते लिहा, आणि मूळ प्रकल्पाला कळवलं की नाही तेही नोंदवा. डेबियनमध्ये पुढे ठिगळांच्या माथ्यावर नेमकी हीच माहिती लिहायची पद्धत आली.

टेस्ट किती टक्के कोडला हव्यात?

टक्का ठरवलात की लोक टक्का आणतात. निकष असा ठेवून बघा: जी बग सुटली, तिच्यासाठी एक टेस्ट आली पाहिजे. हे कोणालाही जड जात नाही, आणि वर्षभरात टेस्टचा साठा जिथे सॉफ्टवेअर खरोखर मोडतं त्याच ठिकाणी जमतो.

प्रकल्पाला एकच मेंटेनर असेल तर तो निकषात बसतो का?

बसवावा लागतो. जगातल्या निम्म्या उपयोगी लायब्ररी एकेका माणसाच्या रात्रींवर उभ्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. पण ‘एकटा आहे’ ही गोष्ट पाटीवर दिसू द्या.

एक्सझेड हे प्रकरण यासाठी मुळातून समजून घ्यावं. डेटा दाबून लहान करणारं हे अवजार जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं आणि वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकाच माणसाने सांभाळलं. एक नवा सहकारी आला, दोनेक वर्षं चांगलं काम करत राहिला. दरम्यान काही अनोळखी खात्यांनी ‘काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या’ असा तगादा लावला. हक्क मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरवाट आत आली. दूषित भाग लपला होता चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या बायनरी फाइलींत, आणि त्याला जागं करणारा तुकडा फक्त रिलीजच्या गाठोड्यात होता, कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला डेबियन अनस्टेबलवर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित जोडणी करून, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचलं नव्हतं.

नेहमीच्या निकषांची यादी त्या प्रकल्पाला लावली असती तर बहुतेक खणांत बरोबरची खूण पडली असती. टेस्ट होत्या, रिलीज निघत होती, सह-मेंटेनर कष्टाळू होता. त्यानंतर जे निकष मला खरोखर घालण्यासारखे वाटतात ते तीन. रिलीज थेट गिटमधल्या खुणेवरून बांधावी, कोणाच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या गाठोड्यावरून नव्हे. चाचणीच्या बायनरी फाइली कशा बनवल्या ते लिहिलेलं असावं, जमल्यास बनवणारी स्क्रिप्टही. आणि हक्क हस्तांतरणाची बातमी समुदायाला आधी कळावी, नंतर नाही. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साठ्यातल्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचंही असंच झालं होतं: थकलेल्या लेखकाने मागणाऱ्या अनोळखी माणसाला चावी दिली आणि काही आठवड्यांत त्यातून बिटकॉइनची पाकिटं फोडणारा कोड निघाला.

थकलेल्या माणसाला नियमपुस्तिका धरून रागावण्यात अर्थ नाही, हेही याच घटना सांगतात. ‘मला मदत हवी’ असं म्हणायची अधिकृत सोय असणं हासुद्धा दर्जाचा निकष आहे.

मेंटेनर गायब झाला तर?

त्याची वाट किती दिवस बघायची ते आधीच लिहून ठेवा, कारण तो गायब झाल्यावर ठरवायला बसलात तर ते त्याच्याविरुद्ध ठरवल्यासारखं होतं. डेबियनमध्ये मेंटेनर स्वतःच ‘हे पॅकेज आता अनाथ’ असं जाहीर करू शकतो. न सांगता दिसेनासा झाला तर दुसरा कोणी ते वाचवण्याचा इरादा बगच्या रूपात नोंदवतो, २१ दिवस थांबतो, आक्षेप आला नाही तर पॅकेज ताब्यात घेतो, आणि तेही विलंबित रांगेतून, म्हणजे जुन्याला आणखी एक संधी राहते. मधल्या काळात गंभीर बग असेल तर इतर विकासक मेंटेनर नसतानाही दुरुस्ती चढवू शकतात. त्याला अपमान मानत नाहीत.

अपाचीत मोजमाप वेगळं आहे. रिलीजला किमान तीन सदस्यांची होकारार्थी मतं लागतात. तेवढी माणसंच जागेवर नसतील तर प्रकल्पाचा मुक्काम ‘अ‍ॅटिक’मध्ये, म्हणजे माळ्यावर हलतो. हा माळा २००८ पासून आहे. कोड वाचायला तिथे राहतो, फक्त ‘हे जिवंत आहे’ असा दावा निघून जातो. दर तिमाहीला संचालक मंडळाला अहवाल द्यावा लागत असल्यामुळे शांत झालेले प्रकल्प फार काळ लपतही नाहीत.

दर्जात न बसणारा प्रकल्प काढून टाकावा का?

काढावा, पण एकट्याने निघत नाही हे ध्यानात ठेवा. क्रॅनवर मुदतीत दुरुस्त न झालेलं पॅकेज संग्रहात टाकलं जातं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या मागेही तोच ससेमिरा लागतो. म्हणूनच त्यांच्या धोरणात उलट बाजूचीही जबाबदारी आहे: तुमच्या बदलामुळे दुसऱ्यांची पॅकेजं मोडणार असतील तर त्यांना किमान दोन आठवडे आधी सांगा. २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींचं लेफ्ट-पॅड एनपीएमवरून लेखकाने काढून घेतलं आणि हजारो बिल्ड अडले. त्यानंतर तिथे प्रकाशित पॅकेज मागे घेण्यावर बंधनं आली.

डेबियनची वाट मधली आहे. गंभीर बग असलेलं पॅकेज काही आठवड्यांच्या सूचनेनंतर ‘टेस्टिंग’मधून आपोआप बाहेर पडतं, ‘अनस्टेबल’मध्ये राहतं. बग सुटली की परत येतं. अर्ज, माफी, बैठक काही नाही.

स्टार, डाउनलोड, बिल्ले यांवरून दर्जा कळतो का?

स्टारवरून प्रसिद्धी कळते. बिल्ल्यांपैकी ओपनएसएसएफ या ओपन सोर्स सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा बेस्ट प्रॅक्टिसेस बिल्ला दखल घेण्याजोगा. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये सापडलेल्या हार्टब्लीड या त्रुटीनंतर लिनक्स फाउंडेशनने जी धावपळ केली त्यातून तो निघाला. त्याच्या पहिल्या पायरीवरचे काही निकष जसेच्या तसे उचलावेत असे आहेत: सुरक्षेच्या तक्रारीला १४ दिवसांत पहिलं उत्तर, मध्यम किंवा त्याहून गंभीर उघड त्रुटी ६० दिवसांपेक्षा जास्त न ठेवणं, आलेल्या बग-नोंदींपैकी बहुसंख्यांची दखल. सोनेरी पायरीवर किमान दोन माणसांना प्रकल्प पुढे नेता आला पाहिजे अशी अट आहे. मात्र हा बिल्ला प्रकल्प स्वतःच स्वतःला भरून देतो, हे विसरू नका. आकडे यंत्राने मोजलेले हवेत तर त्याच संस्थेचं स्कोअरकार्ड शून्य ते दहा गुण देतं, पण दहापैकी सात म्हणजे काय हे शेवटी तुम्हालाच वाचून ठरवावं लागतं.

भाषांतर आणि मराठी दिसणं-लिहिणं यांसाठी काय निकष लावावेत?

गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये एखाद्या भाषेला ‘समर्थित’ म्हणायला ८० टक्के मजकूर भाषांतरित असावा लागतो. मोजायला सोपं म्हणून ठीक, पण टक्का भरायचा म्हणून घाईने ओतलेलं भाषांतर आणि विचारपूर्वक केलेलं भाषांतर यांत तो फरक करत नाही. म्हणून टक्क्याच्या जोडीला दोन अटी घाला: गेटटेक्स्ट या भाषांतर-व्यवस्थेच्या अवजारांनी फाइल तपासून चलांच्या (नाव, आकडा भरायच्या) जागा बिघडलेल्या नाहीत हे बघणं, आणि सॉफ्टवेअर प्रत्यक्ष मराठीत चालवून पडदा बघणारा एक माणूस.

फाँट आणि मजकूर मांडणाऱ्या प्रकल्पांना मराठीच्या चाचण्या वेगळ्या द्याव्या लागतात. हिंदी बरोबर दिसलं म्हणजे मराठी बरोबर असं नसतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे उमटतात का, मराठी निवडल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे येतात का, यादी लावताना ळ, क्ष, ज्ञ शब्दकोशाप्रमाणे ह नंतर येतात का, शोधखिडकीत चंद्राचा ‘अ‍ॅ’ दोन तऱ्हांनी टाइप केला तरी सापडतो का. या चार चाचण्या कोणत्याही देवनागरी प्रकल्पाला लावून पाहा, निदान एकीत तरी गचका मिळेल. डेबियनमध्ये लोहित या फाँटचं मराठीसाठी वेगळं पॅकेज आलं ते अशाच गरजेतून.

एआयकडून लिहून घेतलेला कोड चालवावा का?

समुदायांची उत्तरं वेगळी आहेत. जेंटू या लिनक्स वितरणाच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये बंदी घातली. नेटबीएसडी या संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाने पुढच्याच महिन्यात असा कोड परवान्याच्या दृष्टीने संशयास्पद धरायचं ठरवलं आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय घ्यायला मनाई केली. बंदी समजण्यासारखी आहे, पण कोड कोणी लिहिला हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि तपासता न येणाऱ्या निकषाबद्दल वर बोललोच. त्यापेक्षा लिनक्सच्या कर्नलने (गाभ्याने) २००४ पासून चालवलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ मागा: हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं देणाऱ्याने स्वतःच्या नावाने सांगायचं. आणि परीक्षणात प्रश्न विचारा. आपलाच पॅच, म्हणजे दिलेला बदल, समजावून सांगता न येणाऱ्याला थांबवायला एआयचं निमित्त लागत नाही.

यजमान समुदायावरही निकष असावेत का?

असायलाच हवेत. सोर्सफोर्ज हे संकेतस्थळ १९९९ पासून हजारो प्रकल्पांचं घर होतं. २०१३ नंतर तिथल्या इन्स्टॉलरमधून नको असलेलं सॉफ्टवेअर चिकटवून दिलं जाऊ लागलं, गिम्प या चित्र-संपादकाने आपली विंडोज आवृत्ती तिथून हलवली. मालक बदलल्यावर २०१६ मध्ये तो प्रकार थांबला, पण गेलेला विश्वास सहज परतत नाही. गुगल कोड हे तसंच संकेतस्थळ तर त्याच वर्षी बंदच झालं. म्हणून यजमानाने लिहून द्यावं: प्रकल्पाच्या फाइलींत आम्ही काही मिसळणार नाही, बग-नोंदींसह सगळं उतरवून नेता येईल, आणि बंद करायची वेळ आली तर इतके महिने आधी सांगू.

आमचा गट आठ-दहा जणांचा आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या दिवशी एवढं पुरे. परवान्याची फाइल. लेखक नसलेल्या माणसाने कोऱ्या मशीनवर, लिहिलेल्या सूचना वाचून सॉफ्टवेअर बांधून दाखवणं. आवृत्ती क्रमांक आणि काय बदललं त्याची नोंद. सुरक्षेची त्रुटी खासगीत कळवायचा पत्ता. प्रकल्पाच्या चाव्या, म्हणजे बदल करायचे हक्क, दोघांकडे. आणि ‘प्रायोगिक’, ‘वापरायोग्य’, ‘थांबलेला’ यांपैकी एक पाटी, तिच्याखाली तारीख.

यातला दुसरा मुद्दा बहुतेक ठिकाणी गळपटतो. तेवढाच घेऊन एक संध्याकाळ सगळे एकत्र बसलात तरी गटातले निम्मे प्रकल्प उघडे पडतील. विषयाला धरून आणखी एखादा निकष सुचला तर तो असा घ्या, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात. पुस्तकातलं उत्तर समोर छापलेलं असतं. पडताळणाऱ्याला वाद घालायला जागाच राहत नाही.

निकष मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

गट मराठी असेल तर मूळ मसुदा मराठीत लिहा. चर्चेत नवे लोक तोंड उघडतात. बाहेरचे प्रकल्प घेणार असाल तर इंग्रजी प्रतही ठेवा, दोन्ही एकाच रिपॉझिटरीत, आणि एक बदलली की दुसरी बदलल्याशिवाय तो बदल स्वीकारू नका. दोन प्रतींत फरक पडलाच तर कोणती ग्राह्य, ते पहिल्या ओळीत लिहून टाका.